शहर येऊ घातलेल्या भागात राहणे म्हणजे काय? : चांदणी चौक ते ताम्हिणी

‘पुण्यापासून तासाभरावर’, ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘आज घ्या, पाच वर्षांत दुप्पट’. मुळशी तालुक्यातील जमिनी आणि सदनिकांच्या जाहिरातींत ही वाक्ये नेहमी दिसतात. ज्या भागाला बोलीभाषेत ‘डेव्हलप होणारा एरिया’ म्हणतात, तसा हा सगळा पट्टा आहे. इथे घर घेतलेल्यांना मोकळी हवा, डोंगर आणि शहरापेक्षा मोठी जागा मिळते. त्याच वेळी पाण्याचा टँकर, अपुरा रस्ता आणि ‘हे काम कोणाकडे येते?’ हा प्रश्नही मिळतो.

असा भाग नेमका कसा घडतो, तिथले रोजचे जगणे कसे असते, जमीन किंवा घर घेताना काय पाहावे लागते आणि मूळ गावकऱ्यांच्या वाट्याला काय येते, याची माहिती या लेखात घेऊ.

एक रस्ता, चार टप्पे

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेला निघालेला रस्ता भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड या गावांतून मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटात जातो आणि पुढे रायगड जिल्ह्यात माणगावकडे उतरतो. शहर वाढण्याची प्रक्रिया या एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या टप्प्यांत पाहायला मिळते.

- बावधन, सूस, म्हाळुंगे : इथे शहर येऊन पोहोचले आहे. बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही मुळशीतील गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. त्या दिवशी एकूण २३ गावांचा समावेश झाला.
- भूगाव, भुकूम, पिरंगुट : इथे इमारती शहराच्या आणि कारभार ग्रामपंचायतीचा, अशी स्थिती आहे. पिरंगुट परिसरात अनेक वर्षांपासून कारखाने आहेत. जवळच लवळे येथे सिम्बायोसिस आणि फ्लेम या विद्यापीठांचे परिसर आहेत.
- पौड आणि आसपास : पौड हे तालुक्याचे ठिकाण. इथे तहसील कचेरी, बाजार आणि बंगल्यांचे प्लॉट एकत्र दिसतात.
- मुळशी धरण ते ताम्हिणी : भातशेती, जंगल, वाड्या-वस्त्या आणि त्यांच्या मध्ये फार्महाऊस, रिसॉर्ट व ‘सेकंड होम’. इथे कायम राहायला येणाऱ्यांपेक्षा शनिवार-रविवारी येणारे जास्त.

भूगाव आज जिथे आहे तिथे बावधन काही वर्षांपूर्वी होते. मात्र ताम्हिणी उद्या भूगाव होईलच असे नाही. त्याची कारणे पुढे येतील.

भाग ‘पुढे येतो’ तो कशामुळे?

सर्वात आधी जवळपास रोजगार येतो. मुळशी तालुक्याच्या बाबतीत हे काम हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कने केले. तिथे काम करणाऱ्यांना राहायला जागा हवी होती आणि कोथरूड, बाणेरमधील दर वाढत गेले. मग लोक बावधन, सूस, भूगावकडे सरकले.

त्यानंतर रस्त्याची घोषणा होते. घोषणा झाली की दर वाढतात, रस्ता मात्र बऱ्याच उशिरा होतो. चांदणी चौकातील कोंडी हे त्याचे ठळक उदाहरण. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडण्यात आला आणि नव्या उड्डाणपुलांच्या प्रकल्पाचे उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. त्याआधीची कित्येक वर्षे या पट्ट्यातील रहिवाशांचा रोजचा वेळ त्या चौकात गेला. आता पुण्याभोवतीच्या नियोजित वर्तुळाकार रस्त्याचा पश्चिम भागही मुळशीतून जाणार असल्याने त्याच्या नावावर जमिनी विकल्या जात आहेत.

इमारती येतात त्या पाणी, सांडपाणी आणि आतले रस्ते यांच्या आधी. खासगी बांधकाम दोन-तीन वर्षांत उभे राहते. सार्वजनिक जलवाहिनी किंवा सांडपाणी प्रकल्पाला आराखडा, निधी, भूसंपादन आणि निविदा अशा पायऱ्या असतात. या दोन वेगांमधील अंतर म्हणजेच ‘येऊ घातलेल्या’ भागातील जगणे.

रोजचे जगणे : पाणी, रस्ता, कचरा

पाणी हा पहिला प्रश्न. ग्रामीण भागासाठीच्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेले आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी साधारण १३५ लिटर हा मापदंड वापरतात. गावाची योजना गावाच्या लोकसंख्येसाठी आखलेली असते आणि तिच्यावर अचानक शेकडो सदनिकांचा भार पडतो. मग सोसायटीला बोअरवेल आणि टँकरवर अवलंबून राहावे लागते. फेब्रुवारी-मार्चनंतर बोअरचे पाणी खाली जाते आणि देखभाल खर्चात टँकरचे बिल मोठे होते. घर घेताना मासिक हप्ता मोजला जातो, हा खर्च मात्र बहुतेकांच्या हिशेबात नसतो.

या सगळ्याला एक विचित्र पार्श्वभूमी आहे. हा तालुका पाण्याचाच आहे. पण मुळशी धरणातील पाणी मुख्यतः वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे सोडले जाते. धरण डोळ्यांसमोर असले म्हणजे नळाला पाणी असेलच असे नाही.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. भूगाव आणि पिरंगुटमधून जाणारा रस्ता एकाच वेळी गावाचा रस्ता, कारखान्यांच्या ट्रकचा मार्ग, नोकरदारांचा रोजचा मार्ग आणि कोकणात जाणारा महामार्ग आहे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी त्यावर ताम्हिणीला निघालेल्या पर्यटकांची भर पडते. अशा दिवशी भुकूमच्या माणसाला घरापासून दवाखान्यात जायला किती वेळ लागेल, हे नकाशावरील किलोमीटरवरून कळत नाही.

सांडपाणी आणि कचरा हा तिसरा प्रश्न. मोठ्या प्रकल्पांना स्वतःचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवावा लागतो. तो नीट चालला नाही की पाणी ओढ्यात जाते. राम नदी भुकूम परिसरात उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाणमार्गे मुळेला मिळते. म्हणजे वरच्या गावातील कारभाराचा परिणाम खालच्या शहरावर होतो.

कारखाने आणि वस्ती शेजारी असण्याचा धोकाही विसरता येत नाही. ७ जून २०२१ रोजी पिरंगुटजवळील उरवडे येथे एका रासायनिक कंपनीला लागलेल्या आगीत डझनाहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. त्यांत महिलांची संख्या मोठी होती.

जमेची बाजूही खरी आहे. शहराच्या मध्यभागी जितक्या पैशांत लहान सदनिका मिळते, तितक्यात इथे मोठी जागा मिळू शकते. मुलांना मोकळे खेळायला जागा असते. नव्या सोसायटीत सगळेच नवे असल्याने ओळखी लवकर होतात. पाण्याचा प्रश्न सर्वांचा एकच असल्याने लोक एकत्रही लवकर येतात. गणेशोत्सवाच्या आधी टँकरच्या बैठकीतच शेजार जमतो.

कोणाकडे जायचे?

अशा भागात राहणाऱ्याला तीन-चार कार्यालयांची कामे समजून घ्यावी लागतात.

ग्रामपंचायत घरपट्टी घेते आणि पाणी, दिवाबत्ती, कचरा ही कामे पाहते. तिचे उत्पन्न आणि कर्मचारी मर्यादित असतात. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, २०१५ मध्ये स्थापन झाले. महापालिकेबाहेरील भागात बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र ते देते. तहसील व तलाठी कार्यालय सातबारा, फेरफार आणि महसुली नोंदी पाहते. वीज महावितरणकडे आणि महामार्ग संबंधित रस्ते यंत्रणेकडे.

त्यामुळे परवानगी एकाकडून मिळते आणि तक्रार दुसऱ्याकडे करावी लागते. पीएमआरडीएने मंजूर केलेल्या इमारतीला पाणी देण्याची ताकद ग्रामपंचायतीकडे असेलच असे नाही.

गाव महापालिकेत गेले की हे सुटते का? काही प्रमाणात. जबाबदार यंत्रणा एकच होते. पण कर लगेच वाढू लागतो आणि जलवाहिनी, मलवाहिनी यायला वर्षे लागतात. शिवाय समावेश झाल्यावर ग्रामपंचायत बरखास्त होते. पुणे महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ प्रशासकाचा कारभार राहिला. या गावांतील लोकांना त्या काळात दार ठोठावण्यासाठी ना सरपंच होता, ना नगरसेवक.

जमीन : गुंठा, सातबारा आणि ‘सामाईक’

पौडच्या पुढे व्यवहार सदनिकांचे कमी आणि जमिनीचे जास्त. इथे मोजमाप गुंठ्याचे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एक एकर.

महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकरीच विकत घेऊ शकतो. इतरांना बिनशेती, म्हणजे एनए झालेली जमीन घ्यावी लागते. त्याशिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीचा स्वतंत्र तुकडा पाडून विकण्यावर तो निर्बंध घालतो. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरवण्यात आले. २०२५ मध्ये निवासी वगैरे वापराच्या विभागांतील तुकड्यांबाबत शासनाने सवलतीचे धोरण घेतले. पण शेती विभागात पाडलेल्या प्रत्येक ‘प्लॉट’ला ती आपोआप लागू होत नाही.

यातून एक पळवाट रूढ झाली आहे. अनेक अनोळखी खरेदीदार मिळून एक मोठे क्षेत्र घेतात आणि सातबारावर सर्वांची नावे सामाईक लागतात. जागेवर चुन्याच्या रेषा किंवा तारेचे कुंपण असते. कागदावर मात्र कोणाचा तुकडा कोणता, हे कुठेच नसते. अशा जमिनीवर गृहकर्ज मिळणे आणि बांधकामाची परवानगी मिळणे कठीण जाते. एका सहमालकाने वाद काढला की सगळे अडकतात.

मुळशीच्या डोंगराळ भागात आणखी काही नोंदी तपासाव्या लागतात :

- जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २. वर्ग २ असल्यास विक्रीला सरकारी परवानगी लागू शकते.
- इतर हक्कांत कूळ, इनाम, बँकेचा बोजा किंवा १९७५ च्या खासगी वने कायद्याची नोंद आहे का.
- उतार १:५ पेक्षा तीव्र आहे का. तसा असल्यास डोंगरमाथा-डोंगरउतार म्हणून बांधकामावर मोठे निर्बंध येतात.
- गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे का. या क्षेत्रासाठी केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी नवा मसुदा प्रसिद्ध केला आणि पुणे जिल्ह्यातील ज्या तालुक्यांतील गावे त्यात येतात त्यांत मुळशीही आहे.
- पोहोच रस्ता कागदोपत्री आहे की केवळ शेजाऱ्याच्या मर्जीवर.

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठपेक्षा जास्त घरे अथवा भूखंड असलेल्या प्रकल्पाची महारेरामध्ये नोंदणी लागते. हे प्राधिकरण मे २०१७ पासून काम करते. नोंदणी नसलेल्या मोठ्या प्लॉटिंगची जाहिरात दिसली तर तो पहिला इशारा समजावा.

ताम्हिणीचा पाऊस

पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. २०२४ च्या पावसाळ्यात ताम्हिणीत ९,००० मिलिमीटरहून अधिक नोंद झाली. त्याच वर्षी २५ जुलैला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे पुण्याला वर्षभरात मिळणाऱ्या पावसाचा मोठा हिस्सा इथे एका दिवसात आला.

रविवारी धबधबे पाहायला येणाऱ्याला हा पाऊस सुंदर वाटतो. चार महिने राहणाऱ्याला तो वेगळा दिसतो. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, लाकडाला बुरशी धरते, वीज जाते आणि मोबाइलची रेंजही जाते. दरड पडली की घाट बंद होतो. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळांवर निर्बंध घालते. गावातील जुनी घरे उतरत्या छपरांची आणि दाट पागोळ्यांची आहेत, त्याला कारण आहे. शहरी आराखड्याचा सपाट गच्चीचा बंगला इथे दोन-तीन पावसाळ्यांत गळू लागला तर नवल नाही.

धोका गळतीपुरता नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या उतारावरील, मुसळधार पावसाच्या पट्ट्यातील. डोंगर कापून सपाट केलेला प्लॉट घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

ताम्हिणी परिसरातील सुमारे ५० चौरस किलोमीटर जंगल २०१३ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. शेकरू हा राज्यप्राणी इथे आढळतो. अभयारण्य, तीव्र उतार आणि हा पाऊस यांमुळे ताम्हिणी भूगावसारखी दाट वस्ती होण्याची शक्यता कमी आहे. जो ‘पाच वर्षांत शहर होईल’ म्हणून इथे जमीन घेतो, त्याने हे गणित पुन्हा मांडावे.

शहर आलेच नाही तर? लवासा

प्रत्येक येऊ घातलेले शहर येतेच असे नाही, याचा दाखला याच तालुक्यात आहे. वरसगाव धरणाच्या काठी दासवे परिसरात लवासा हे डोंगरातील खासगी शहर उभे राहू लागले. त्याला स्वतःचे विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकारही मिळाले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला आणि वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली. पुढे नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे गेले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. जुलै २०२३ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, पण तीही मार्गी लागली नाही.

या काळात ज्यांनी घरासाठी पैसे भरले, त्यांच्यापैकी अनेकांना ताबा मिळाला नाही. ज्यांना मिळाला, ते अर्धवट शहरात राहिले. धडा साधा आहे. पूर्ण आराखडा पाहून नव्हे, तर आज जे बांधून तयार आहे ते पाहून निर्णय घ्यावा.

मूळ गावकऱ्यांचे काय?

भाग ‘पुढे येतो’ म्हणजे सगळेच पुढे जातात असे नाही. जमीन विकून आलेल्या पैशांत कोणी दुसरीकडे शेती घेतली, कोणी गाळे बांधून भाडे सुरू केले, कोणी मंगल कार्यालय काढले. ज्यांचा पैसा गाडी, बंगला आणि लग्नात संपला, त्यांच्या मुलांना स्वतःच्याच जुन्या जमिनीवरील सोसायटीत सुरक्षारक्षकाची नोकरी करावी लागली. प्रवीण तरडे यांच्या २०१८ मधील ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने हाच विषय घेतला आणि तो मराठी प्रेक्षकांना ओळखीचा वाटला.

सातबारावर नावच नसलेल्यांची अवस्था आणखी वेगळी. कातकरी आणि धनगर वस्त्यांना जमिनीचा मोबदला मिळत नाही, पण पाणवठा, चराई आणि पायवाट बंद होण्याची झळ बसते. नव्या मालकाने घातलेले कुंपण कायदेशीर असले तरी त्याने जुनी वाट तुटते, आणि नव्या-जुन्यांमधील अनेक भांडणे इथूनच सुरू होतात.

या तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. १९२१ मध्ये मुळशी धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे ‘सेनापती बापट’ म्हणून ओळखले गेले. त्या वेळी पुण्यात राहणारे जमीनदार-सावकार मोबदला घ्यायला तयार होते आणि कसणारे मावळे तयार नव्हते. कागदावरचा मालक आणि जागेवर राहणारा माणूस यांचे हित एकच नसते, हे शंभर वर्षांपूर्वीही स्पष्ट झाले होते. धरण झाले, वीज मुंबईला गेली आणि गावे वरच्या डोंगरउतारांवर सरकली. आज तलावाचे दृश्य म्हणून जे विकले जाते, त्याच्या खाली ती गावे आहेत. ताम्हिणीच्या विंझाई देवीला आजही दूरदूरच्या शहरांतून कुटुंबे कुलदैवत म्हणून येतात. जमीन आणि पत्ता बदलला तरी नाते राहते, याची ती खूण आहे.

राहायला जाण्यापूर्वी

अशा भागात घर घ्यावे की नाही, याचे एकच उत्तर नाही. पुढील गोष्टी मात्र तपासता येतात :

१. मे महिन्यात आणि जुलै महिन्यात, दोन्ही वेळा जागा पाहावी. मे पाणी दाखवतो, जुलै रस्ता आणि उतार.
२. सोमवारी सकाळी कामाच्या वेळेला आणि रविवारी संध्याकाळी प्रत्यक्ष प्रवास करून पाहावा.
३. शेजारच्या, दोन-तीन वर्षे जुन्या सोसायटीत टँकरचा मासिक खर्च विचारावा.
४. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत ताबा घेऊ नये.
५. सातबारा, फेरफार, विभाग दाखला आणि मोजणी नकाशा स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावा, विक्रेत्याच्या वकिलाकडून नव्हे.
६. जवळचा चोवीस तास चालणारा दवाखाना किती मिनिटांवर आहे, हे ज्येष्ठांसाठी आधी पाहावे.
७. ‘येणार आहे’ अशा प्रत्येक सोयीपुढे एकच प्रश्न लिहावा : ती दहा वर्षे आली नाही, तर इथे राहता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर भूगाव असो वा ताम्हिणी, ती जागा त्या कुटुंबासाठी योग्य आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर ते कुटुंब घर नव्हे, अंदाज विकत घेत आहे.